वृद्धशुश्रूषा शिकवण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण: अर्जापासून पहिल्या तासापर्यंत

वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं उत्तम काम केलेल्या नर्सला वर्गात उभं केलं की एक अडचण लगेच उघडी पडते. तिला जे दिसतं ते विद्यार्थ्यांना दिसत नाही, आणि ते कशावरून दिसलं हे तिला सांगता येत नाही. आजोबा आज जरा गप्प आहेत, एवढ्यावरून तिला डेलिरियमचा, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाचा, संशय येतो. विद्यार्थ्याला मात्र शांत झोपलेला, काही त्रास न देणारा पेशंट दिसतो. आपली ही नजर सुटी करून दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची, हे पदव्युत्तर शिक्षणात शिकायचं असतं. अभ्यासक्रम निवडताना, पोस्टिंग (प्रत्यक्ष कामाच्या जागी मिळणारं प्रशिक्षण) मागताना आणि प्रबंधाचा विषय ठरवताना हाच निकष लावावा. नाहीतर दोन वर्षांनी हातात पदवी येते, पण तास घेता येत नाही.

अर्ज करण्याआधी

नर्सिंगची पदवी, चालू नोंदणी आणि एक-दोन वर्षांचा अनुभव एवढं साधारणपणे लागतंच. पण अनुभव किती वर्षांचा यापेक्षा तो कुठला, हे जास्त महत्त्वाचं. फक्त रुग्णालयात काम केलेल्या माणसाला वृद्ध व्यक्ती तिच्या सगळ्यात वाईट दिवशी भेटते: न्यूमोनिया, मोडलेला खुबा, ऑपरेशननंतरचा गोंधळ. हीच व्यक्ती आठवड्यापूर्वी स्वतःच्या पायांनी फिरत होती, पैशांचे हिशोब ठेवत होती, हे त्या पलंगावर दिसत नाही. म्हणून अर्जाआधी निदान काही महिने वृद्धनिवास, पुनर्वसन केंद्र किंवा गृहभेटींचं काम करावं. माणसाची मूळ स्थिती म्हणजे काय ते तिथे कळतं. वृद्धशुश्रूषेतला निम्मा विचार या मूळ स्थितीशी आजची तुलना करण्याचाच असतो.

या काळात एक वही ठेवा. ओळख पटेल असं काहीही न लिहिता प्रत्येक लक्षणीय केसबद्दल पाच गोष्टी टिपा: आधी कसे होते, काय बदललं, कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नजरेतून सुटलं, पुढे काय झालं. अशा पंधरा-वीस नोंदी जमल्या की सिम्युलेशन, परीक्षेचे प्रश्न आणि वर्गातली उदाहरणं यांचा साठा तयार होतो. त्यातही 'कुणाच्या नजरेतून सुटलं' हा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण विद्यार्थीही नेमके तिथेच चुकणार असतात.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवायला हवी: शिकवायचं कुणाला? पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं असेल तर पदव्युत्तर पदवी आणि पुढे बऱ्याचदा पीएच.डी. लागते. रुग्णालयातल्या नर्सेसचं सेवांतर्गत प्रशिक्षण घ्यायचं असेल तर विशेष क्लिनिकल तयारी जास्त उपयोगी पडते. काळजीवाहक आणि कुटुंबीयांना शिकवायचं असेल तर प्रौढशिक्षण आणि सोप्या भाषेत लिहिण्याचं कौशल्य आधी लागतं. तिन्ही जमेल असं कुठलाही अभ्यासक्रम म्हणेल, पण वेळापत्रक पाहिलं की त्याचा खरा कल समजतो.

माहितीपत्रकात काय शोधायचं

पदव्युत्तर अभ्यासक्रम ढोबळमानाने दोन बाजूंना झुकलेले असतात. काहींचा भर प्रगत क्लिनिकल कामावर असतो आणि शिक्षणशास्त्राला एखादाच पेपर मिळतो. काहींत अभ्यासक्रमरचना, मूल्यमापन, अध्यापनपद्धती सगळं असतं, पण वृद्धशुश्रूषा एका प्रकरणात गुंडाळलेली असते. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारे कमी. तसा नाही मिळाला तर क्लिनिकल बाजू भक्कम असलेला घ्या आणि अध्यापनाची बाजू पोस्टिंग व प्रबंधातून भरून काढा. वर्ग घ्यायला सराव लागतो आणि तो नंतरही करता येतो. वृद्ध रुग्णाची सखोल तपासणी कुणाच्या देखरेखीखाली शिकायची संधी मात्र पुन्हा सहसा मिळत नाही.

प्रवेश कार्यालयाला विचारायचे प्रश्न असे. देखरेखीखाली प्रत्यक्ष अध्यापनाचे तास किती, आणि ते तास पाहून लेखी अभिप्राय कोण देतं? वृद्धांसाठीचं पोस्टिंग रुग्णालयाबाहेरही आहे का? प्रगत शरीरतपासणी, विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र हे तीन विषय स्वतंत्र आहेत का? वृद्धशुश्रूषेत स्वतः काम केलेले मार्गदर्शक किती, आणि त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत? अभ्यासक्रम ऑनलाइन असेल तर पोस्टिंगची जागा संस्था शोधते की विद्यार्थ्याने शोधायची? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण फसतात. जागा स्वतःच शोधायची असेल तर एखादं सत्र सहज वाया जातं.

पदवी जिथे वापरायची आहे तिथल्या नर्सिंग नियामक संस्थेला ती शिक्षकपदासाठी चालते का, हे लेखी विचारून ठेवा. तोंडी 'हो, चालते' याला नंतर काही अर्थ राहत नाही.

उद्देशपत्रात 'वृद्धांच्या सेवेची ओढ' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी शिकवण्यातली एक ठोस अडचण मांडा: नव्याने रुजू झालेल्या नर्सेस पडण्याच्या धोक्याचा फॉर्म बरोबर भरतात, पण त्या गुणांवरून पुढे काहीच करत नाहीत; हे का होतं आणि ते शिकवण्यातून कसं बदलेल. एका पानात हे आलं तर अर्ज वेगळा उठून दिसतो. शिफारसपत्रांपैकी एक तुमचं क्लिनिकल काम पाहिलेल्या माणसाचं असावं आणि एक तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या माणसाचं. दुसरं नसेल तर आधी वॉर्डातल्या नव्या नर्सेसचं मार्गदर्शन अंगावर घ्या आणि मग अर्ज करा.

विषयाची पकड

वृद्धांमध्ये आजार पुस्तकातल्यासारखा दिसत नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. शिक्षकाला त्यामागचे आकडे आणि कारणं सांगता यायला हवीत. उदाहरणार्थ ताप. दीर्घकालीन निगेत राहणाऱ्या वृद्धांसाठी तोंडातलं तापमान एकदा जरी ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं, किंवा एरवीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाने वाढलं, तरी तो ताप धरायचा असा निकष वापरला जातो. ज्या आजींचं रोजचं तापमान ३६.१ असतं त्यांना ३७.४ म्हणजे ताप आहे. विद्यार्थी तक्त्यावर ३७.४ पाहून 'नॉर्मल' लिहितो, कारण त्याने रोजचा आकडा पाहिलेलाच नसतो.

क्रिॲटिनिनचंही तसंच. स्नायूंतून तयार होणारा हा पदार्थ मूत्रपिंड बाहेर टाकतं, म्हणून रक्तातल्या त्याच्या आकड्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात. वयाबरोबर स्नायू कमी होतात, स्नायू कमी म्हणून क्रिॲटिनिन कमी तयार होतं, आणि म्हणून मूत्रपिंडाचं काम बरंच घटलेलं असूनही अहवालातला आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस मग जास्त होतो. ही साखळी फळ्यावर एका ओळीत काढता आली तर वृद्धांचं औषधशास्त्र निम्मं शिकवून झालं. उरलेल्यासाठी बिअर्स निकष आहेत, म्हणजे वृद्धांना देताना धोक्याची ठरू शकणाऱ्या औषधांची यादी. १९९१ मध्ये आलेली ही यादी आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वेळोवेळी सुधारते. ही बंदीची यादी नाही, हे मात्र पहिल्याच तासात स्पष्ट करावं. नाहीतर विद्यार्थी वॉर्डात जाऊन डॉक्टरांशी हुज्जत घालतात आणि यादीचीच किंमत घालवून बसतात.

मूल्यमापनाच्या मोजक्या पद्धती अगदी हातात बसलेल्या हव्यात. रोजच्या सहा क्रियांसाठी कॅट्झ निर्देशांक: आंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण. फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधं, पैसे अशा आठ गुंतागुंतीच्या क्रियांसाठी लॉटन-ब्रॉडी. त्वचेच्या धोक्यासाठी ब्रेडन मापनी: सहा घटक, एकूण ६ ते २३ गुण, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. विद्यार्थी ही दिशा हमखास उलटी करतात, कारण पडण्याच्या धोक्याच्या बहुतेक मापनींत गुण जास्त म्हणजे धोका जास्त. बोलू न शकणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णाच्या वेदनेसाठी पेनॅड: श्वास, आवाज, चेहरा, देहबोली, समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २. आणि उठून चालण्याची वेळ मोजणारी टग चाचणी: हातांच्या खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. इथे घड्याळाइतकंच पाहायचं असतं ते वळण. वळताना किती पावलं टाकली, हात कुठे टेकला, हे सेकंदांत उमटत नाही.

या सगळ्याला एका सूत्रात ओवायला चार 'एम'ची चौकट बरी पडते: रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं, औषधं, मनोवस्था, हालचाल. शिकवताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष पहिल्याकडे होतं, कारण त्याला गुण देता येत नाहीत. रुग्णाला काय हवं आहे ते विचारून एका वाक्यात लिहून आणा, असं काम दिलं तर ते टळत नाही.

शिकवण्याची कारागिरी

शिक्षणशास्त्राच्या पेपरात शिकण्या-शिकवण्याचे सिद्धांत मांडणाऱ्या ब्लूम, नोल्स, बेनर, मिलर यांची नावं येतातच. त्यातलं मिलरचं १९९० चं पिरॅमिड रोज कामाला येतं. माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो, अशा त्याच्या चार पायऱ्या. आपण कुठली पायरी शिकवतोय आणि परीक्षा कुठल्या पायरीची घेतोय, हे प्रत्येक पाठ-आराखड्यावर लिहायची सवय लावा. करून दाखवायला शिकवायचं आणि परीक्षेत व्याख्या विचारायची, हा घोळ सर्रास चालतो. बेडसाइड विचारासाठी टॅनरचं २००६ चं क्लिनिकल निर्णयाचं प्रारूप घ्यावं: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, मागे वळून पाहणं. वृद्धशुश्रूषेत विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर अडकतात. तो टप्पा पक्का झाल्याशिवाय कृतीची यादी पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये.

बहुपर्यायी प्रश्न लिहिणं ही वेगळी विद्या आहे. 'डेलिरियमबद्दल खालीलपैकी काय खरे आहे?' आणि शेवटी 'वरील सर्व', हा प्रश्न केवळ पाठांतर तपासतो, आणि दोन पर्याय खरे वाटले की उत्तर आपोआप कळतं. त्याऐवजी असा लिहा:

८२ वर्षांच्या बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले. काल त्या शेजारच्या पेशंटशी गप्पा मारत होत्या. आज हाक मारल्यावर डोळे उघडतात, पण वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुन्हा मिटतात. नाश्ता तसाच आहे. नर्सने सर्वप्रथम काय करावं? (अ) ऑपरेशनचा थकवा आहे, झोप पूर्ण होऊ द्यावी. (आ) जागृती आणि लक्ष तपासून, शारीरिक नोंदी घेऊन लगेच डॉक्टरांना कळवावं. (इ) डिमेन्शियाच्या तपासणीसाठी पुढची तारीख घ्यावी. (ई) नातेवाइकांना जवळ बसवून संध्याकाळी पुन्हा पाहावं.

यातला प्रत्येक चुकीचा पर्याय वॉर्डात खरोखर होणारी चूक आहे, आणि चुकीचे पर्याय असेच निवडायचे असतात. शिवाय चौघांची लांबी साधारण सारखी ठेवावी. बरोबर उत्तर सगळ्यात लांब असतं, हे विद्यार्थ्यांना केव्हाच कळलेलं असतं. वरच्या प्रश्नातही (आ) थोडा लांब आहे आणि तो छापण्याआधी कापायला हवा.

परीक्षा झाल्यावर प्रश्नांचं विश्लेषण करा. बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे काठिण्यांक. एकूण गुणांत वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घेऊन, त्या दोन गटांतल्या बरोबर उत्तरांच्या प्रमाणातला फरक म्हणजे भेदांक. तो ०.२ च्या खाली असेल तर प्रश्न दुरुस्त करावा. उणे आला तर आधी बरोबर उत्तरांची यादी तपासा. बऱ्याचदा चूक तिथेच सापडते.

बेडजवळचा वीस मिनिटांचा पाठ

पोस्टिंगमध्ये हा पाठ निरीक्षकासमोर निदान पाच-सहा वेळा करायला मिळावा, असा आग्रह धरा. विषय डेलिरियमचा घेऊ.

आधी रुग्णाची परवानगी घ्यायची, आणि गोंधळ असेल तर नातेवाइकांचीही. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं आहे याची खात्री करायची. श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये राहिलं तर ऐकू न येणं हेच 'लक्ष नसणं' म्हणून नोंदलं जातं. चारपेक्षा जास्त विद्यार्थी नेऊ नयेत.

पहिली पाच मिनिटं खोलीबाहेर. प्रत्येकाला एकच काम द्या: एकाने फक्त लक्ष पाहायचं, दुसऱ्याने जागृती, तिसऱ्याने हात आणि श्वास, चौथ्याने पलंगाभोवती काय आहे ते, म्हणजे कॅथेटर, सलाइनच्या नळ्या, घड्याळ दिसतं का, पाणी हाताशी आहे का.

पुढची आठ मिनिटं आत. खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. लक्ष तपासायला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगतात. शाळा कमी झालेल्यांना हे मुळातच जड जातं, पाठापुरते त्यांना आठवड्याचे वार उलटे विचारता येतात. फोर-ए-टी सारख्या डेलिरियमच्या झटपट चाचणीची औपचारिक नोंद करताना मात्र प्रश्न बदलायचा नाही. त्यात ४ किंवा जास्त गुण म्हणजे डेलिरियमची शक्यता. रुग्णाच्या डोक्यावरून निदानाची चर्चा करू नये. ऐकू येत नाही असं वाटलं तरी नाहीच.

शेवटची सात मिनिटं पुन्हा बाहेर. एका मिनिटाच्या अध्यापनाची पाच पावलं इथे नेमकी बसतात: विद्यार्थ्याकडून आधी मत घ्या, ते कशावरून ते विचारा, एक सर्वसाधारण नियम सांगा, काय बरोबर केलं ते नाव घेऊन सांगा, चूक दुरुस्त करा. नियम इथे डेलिरियम ओळखण्याच्या 'कॅम' पद्धतीचा सांगता येतो. ती शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. अचानक सुरुवात व चढउतार हवेत, लक्ष विस्कळीत हवं, आणि यांच्या जोडीला विचारांत विसंगती किंवा जागृतीत बदल, दोन्हींपैकी एक हवं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पहिल्या दोन पावलांत. शिक्षक प्रश्न विचारतो आणि सेकंदभरात स्वतःच उत्तर देतो. निदान तीन सेकंद थांबा. ते फार लांब वाटतात, पण उत्तरं तेवढ्यातच येतात.

ऑस्कीचं एक स्टेशन

ऑस्की म्हणजे ठरावीक वेळेच्या स्टेशनांवर कौशल्य तपासणारी परीक्षा. हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ती मांडली. वृद्धशुश्रूषेत उभं राहिल्यावरचा रक्तदाब हे आवडतं स्टेशन, आणि त्यात एक सापळा आहे. नियमाप्रमाणे रुग्ण पाच मिनिटं आडवा हवा, मग उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला दाब घ्यायचा. सिस्टॉलिक (वरचा) २० किंवा डायस्टॉलिक (खालचा) १० मिलिमीटरने उतरला तर चाचणी सकारात्मक. म्हणजे नुसत्या थांबण्यातच आठ मिनिटं जातात. स्टेशन आठ मिनिटांचं ठेवलं तर नियम पाळणारा विद्यार्थी नापास आणि घाई करणारा पास, असा उलटा निकाल लागतो. उपाय सोपा: 'रुग्ण पाच मिनिटं आडवा आहे, दाब १४२/७८, नाडी ७२' असं कार्ड ठेवायचं आणि विद्यार्थ्याने तिथून पुढे सुरू करायचं.

गुणपत्रिकेत काय असावं? पलंगाचे ब्रेक आणि उंची, कफ योग्य मापाचा, हात हृदयाच्या पातळीला, उभं करण्याआधी पाय खाली सोडून बसवणं, चक्कर येते का हे विचारणं, नाडीही मोजणं, उभ्या रुग्णाजवळून न हलणं. चक्कर येतेय म्हणणाऱ्या रुग्णाला लगेच न बसवणं ही एकच चूक पूर्ण स्टेशन नापास करणारी ठेवावी, आणि तसं आधीच सांगावं.

रुग्णाची भूमिका खऱ्या वृद्ध व्यक्तीने केली तर उत्तमच, पण एकाच माणसाला दिवसभरात तीस वेळा उठवू नका. दोघे-तिघे आलटून-पालटून ठेवा आणि उभ्याचे आकडेही कार्डावर द्या.

जाड चष्मा, कानात बोळे, सांध्यांना पट्टे लावून म्हातारपण 'अनुभवायला' देण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे. तो जपून वापरावा. पंधरा मिनिटं धडपडून विद्यार्थी 'म्हातारपण किती भयंकर' एवढंच घेऊन जातो, कारण वृद्धांनी वर्षानुवर्षं शोधलेल्या युक्त्या त्याच्याकडे नसतात. प्रयोगाइतकाच वेळ नंतरच्या चर्चेला ठेवता येत नसेल तर तो करूच नये.

प्रबंध

इथे एकच सल्ला ठामपणे देता येतो: पुढे शिकवायला उपयोगी पडेल असं काहीतरी प्रबंधातून तयार व्हावं. एखादं तपासलेलं प्रशिक्षण, एखादी निरीक्षणसूची.

नेहमीचा प्रबंध असा असतो: ज्ञान किंवा दृष्टिकोनाची चाचणी, एका तासाचं व्याख्यान, त्याच दुपारी तीच चाचणी. गुण वाढतात. ते वाढणारच, कारण उत्तरं नुकतीच ऐकलेली असतात. प्रशिक्षणाचा परिणाम जोखण्याच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या (प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम) लावून पाहिलं तर हे फार तर दुसऱ्या पातळीवर अडकतं. तेवढ्याच कष्टात सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेता येते. त्याहून चांगलं म्हणजे वर्तन मोजणं: प्रशिक्षणाआधीच्या आणि नंतरच्या महिन्यातल्या किती नोंदपत्रांत डेलिरियमची तपासणी खरंच नोंदलेली आहे, हे. आणि तुलनेचा गट त्याच वॉर्डातला नसावा. नर्सेस एकमेकींशी बोलतात. प्रशिक्षण चहाच्या सुटीत दुसऱ्या गटापर्यंत पोचतं.

वृद्धांबद्दलचा दृष्टिकोन मोजायचाच असेल तर कोगनची १९६१ ची मापनी आणि तथ्यज्ञानासाठी पामोरची १९७७ ची २५ प्रश्नांची चाचणी अजून वापरात आहेत, पण दोन्हींची भाषा जुनी आहे. कुठलीही मापनी दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांकडून आशयवैधता (विधानं विषयाला धरून आहेत का याची तपासणी) आणि छोट्या गटावर चाचपणी, एवढं करावं लागतं. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर प्रत्येक विधानाचा आशयवैधता निर्देशांक ०.७८ च्या खाली नसावा; पाच किंवा कमी असतील तर पूर्ण १ हवा. हक्कांचंही पाहा. एमएमएसई ही स्मृती-आकलनाची चाचणी सगळीकडे छापलेली दिसते, पण तिला कॉपीराइट आहे आणि परवानगी घ्यावी लागते. प्रबंध बांधून झाल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा आराखड्यातच परवानगीचं पत्र जोडावं.

डिमेन्शिया असलेल्या व्यक्ती सहभागी असतील तर नैतिकता समिती संमतीवर थांबते. निदान झालं म्हणजे संमती देण्याची क्षमता संपली असं होत नाही. समजणं, लक्षात ठेवणं, तोलणं आणि निर्णय सांगणं या चार गोष्टी त्या विशिष्ट प्रश्नापुरत्या तपासायच्या असतात. क्षमता नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते, आणि तरीही त्या व्यक्तीने हात मागे घेतला, मान फिरवली तर थांबावं लागतं. हे सगळं अर्जात लिहिलेलं नसेल तर प्रस्ताव परत येतो आणि दोन-तीन महिने जातात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रस्ताव सहाव्या महिन्यापर्यंत समितीकडे पोचला तरच माहिती गोळा करायला पुरेसा वेळ उरतो.

पदवीनंतर

मुलाखतीत पंधरा-वीस मिनिटांचा प्रात्यक्षिक पाठ मागतात. त्यात बहुतेक जण चाळीस स्लाइड घेऊन येतात आणि वयाबरोबर प्रत्येक अवयवात होणारे बदल वाचून दाखवतात. त्यापेक्षा एक केस, एक निर्णय आणि समितीला विचारलेला एक प्रश्न एवढंच न्या. सोबत एक फोल्डर ठेवा: तीन पाठ-आराखडे, विश्लेषणासह दहा प्रश्न, एक ऑस्की स्टेशन आणि निरीक्षकाचा लेखी अभिप्राय. अभिप्रायातली टीका काढू नका. तिच्यानंतरचा सुधारलेला आराखडा शेजारी लावा.

रुजू झाल्यावर पहिल्याच सत्रात बहुधा कळतं की वृद्धशुश्रूषेला अभ्यासक्रमात स्वतंत्र जागा थोडीच आहे. सगळ्या विषयांत ती मिसळलेली आहे, असं सांगितलं जातं, आणि मिसळलेली गोष्ट कुणाचीच जबाबदारी राहत नाही. एक तक्ता करा: आडव्या ओळीत सत्रं, उभ्या ओळीत डेलिरियम, पडणं, औषधं, वेदना, मलमूत्रावरचा ताबा, पोषण, संमती. प्रत्येक चौकोनात कुठला शिक्षक, कुठल्या तासाला, मिलरच्या कुठल्या पायरीवर शिकवतो आणि परीक्षा कशी घेतो, ते सहकाऱ्यांना विचारून भरा. रिकाम्या चौकोनांची यादी करून ती अभ्यासक्रम समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घालायला सांगा.